बाटलीवरचे साल

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांची सुरतेवर पहिली स्वारी झाली आणि १६७० च्या ऑक्टोबरात दुसरी. या दोन स्वाऱ्यांच्या मधल्या काळात, १६६८ मध्ये, फ्रान्सच्या ईशान्येला ओव्हिले नावाच्या खेड्यातल्या मठात पिएर पेरिन्यॉन हा तिशीचा साधू कोठाराचा कारभारी म्हणून रुजू झाला. मठाच्या द्राक्षबागा, रस काढायचे दाबयंत्र, पिंपे आणि तळघर त्याच्या ताब्यात आले. १७१५ मध्ये मरेपर्यंत त्याने तेच काम केले. आज जगातल्या सर्वांत गाजलेल्या शॅम्पेनपैकी एकीवर त्याचे नाव आहे: डॉम पेरिन्यॉन.

शॅम्पेनमधले बुडबुडे त्यानेच शोधले अशी दंतकथाही त्याच्या खात्यावर जमा आहे. तिच्यात तथ्य नाही. त्या काळी वाइनला फेस येणे हा दोष मानला जाई. बाटल्या फुटत, माल वाया जाई आणि ते टाळण्याचीच मठात खटपट चाले. साखर घालून वाइन मुद्दाम फसफसवण्याची रीत इंग्लंडमध्ये रूढ आहे, हे ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्येच सांगून ठेवले होते. पेरिन्यॉन ओळखला जाई तो वेगवेगळ्या बागांतल्या द्राक्षांचा नेमका मेळ घालण्यासाठी.

त्या काळच्या सुरतेला द्राक्षाची वाइन नवी नव्हती. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेजवळच्या स्वाली बंदरात उतरला. जहांगीरच्या दरबारी पोचल्यावर त्याने मायदेशी कळवले, की इथे तांबड्या वाइनइतकी भेट कशाचीच आवडत नाही. पुढे इराणातल्या शिराजची वाइन बंदर अब्बासहून जहाजाने सुरतेला येऊ लागली आणि इंग्रजांच्या वखारीतल्या जेवणात तिचे स्थान पक्के झाले. आज त्याच सुरतेत परवान्याशिवाय थेंबही मिळत नाही. १ मे १९६० रोजी गुजरात वेगळे राज्य झाले, तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे. तरीही सुरतेच्या माणसाची शॅम्पेनशी गाठ पडतेच. हिऱ्याच्या व्यापारामुळे सुरतेची अनेक घरे अँटवर्पला जाऊन-येऊन असतात आणि अँटवर्पहून शॅम्पेनचा प्रदेश मोटारीने काही तासांवर आहे. मुंबईच्या हॉटेलात, दुबईच्या लग्नात, विमानतळावरच्या दुकानात ही बाटली समोर येते. दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात. एकीवर कुठलेही साल नाही. दुसरीवर २००८ छापलेले आहे आणि तिची किंमत पहिलीच्या चार-पाच पट आहे. बुडबुडे दोन्हींत सारखेच आहेत. मग हे जास्तीचे पैसे जातात कशाला?

ते तीन गोष्टींना जातात: एका वर्षाच्या हवामानाला, तळघरातल्या वेळेला आणि नको ते बाजूला ठेवण्याच्या निर्णयाला. या तिन्हींची चव ओळखता आली, की महागडी शॅम्पेन समजली.

साल असते आणि नसते तेव्हा

शॅम्पेन हा सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षबागांचा प्रदेश आहे. रँस आणि एपर्ने ही त्याची दोन मुख्य शहरे. इथल्या बहुतेक बाटल्यांवर साल नसते. यंदाच्या वाइनमध्ये मागच्या काही वर्षांची राखून ठेवलेली वाइन मिसळून दरवर्षी तीच चव साधायची, ही त्यामागची कल्पना. वर्ष खराब गेले तरी गिऱ्हाइकाला फरक जाणवता कामा नये. हे काम सोपे नाही. पन्नास-शंभर पिंपांतली वाइन चाखून मिश्रण ठरवणारा तळघरप्रमुख हा शॅम्पेन घराण्यातला सर्वांत मोलाचा माणूस असतो.

साल छापायचे तर नियम उलटा. सगळी द्राक्षे त्याच वर्षीची हवीत. साल नसलेली बाटली किमान १५ महिने तळघरात ठेवावी लागते, साल असलेली किमान ३ वर्षे. एखाद्या घराण्याला एका वर्षाचे सगळे पीक सालाच्या नावाने विकता येत नाही. त्यातले किमान २० टक्के पुढच्या मिश्रणांसाठी ठेवावे लागते.

यापुढची पायरी म्हणजे घराण्याची मानाची बाटली, इंग्रजीत जिला प्रेस्टिज म्हणतात. तिला कायद्यात व्याख्या नाही. आपल्याकडचे सर्वांत उत्तम ते एका बाटलीत घालायचे, एवढाच तिचा अर्थ. लुई रोडरर या घराण्याने १८७६ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी ‘क्रिस्टल’ बनवली. तिची बाटली पारदर्शक आणि बुडाशी सपाट असते. बुडाच्या खळग्यात कुणी स्फोटक दडवू नये म्हणून तशी करून घेतली, असे सांगतात. मोएट अँड शँडॉन या घराण्याची पहिली डॉम पेरिन्यॉन १९२१ च्या पिकाची. ती बाजारात आली १९३६ मध्ये. सलोन ही शॅम्पेन एकाच गावच्या, ल मेनिलच्या, एकाच जातीच्या द्राक्षांपासून होते, तीही जमले त्याच वर्षी. विसाव्या शतकात सलोनने जेमतेम ३७ सालांच्या बाटल्या काढल्या.

महाग म्हणजे सालाचीच, असे मात्र समजू नये. क्रुग या घराण्याची ‘ग्रांद क्युव्हे’ दहाहून जास्त वर्षांच्या शंभरावर वाइन मिसळून होते आणि तिची गणना मानाच्या बाटल्यांतच होते. तिथे पैसे मिश्रणाच्या कसबाचे. या प्रकरणाचा विषय मात्र एकाच सालावर डाव लावणारी बाटली आहे.

न पिकण्याच्या काठावर

रँस शहर ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इतक्या उत्तरेला द्राक्षवेल जेमतेम तग धरते. वर्षाचे सरासरी तापमान ११ अंश सेल्सियसच्या आसपास. एप्रिलमध्ये कोवळ्या फुटींवर दहिवर गोठते, जूनमध्ये थंडी पडली तर फुलोरा गळतो, पावसाने घड सडतात. द्राक्षात साखर भरेल की नाही, याची दरवर्षी धास्ती असते. पण याच थंडीमुळे मण्यातली आम्लता टिकते आणि शॅम्पेनचा कणा म्हणजे आम्लता. ती नसेल तर वीस वर्षे टिकणारी वाइन होत नाही.

जमिनीखाली खडू आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांच्या सांगाड्यांचा तो थर. खडू पाणी शोषून धरतो आणि उन्हाळ्यात मुळांना थोडे थोडे पुरवतो. पाऊस जास्त झाला तर निचराही करतो. त्याच खडूत खोदलेली तळघरे बारा महिने १० ते १२ अंशांवर राहतात. रँसच्या काही तळघरांची सुरुवात रोमन काळातल्या खाणींपासून झाली.

द्राक्षे मुख्यतः तीन जातींची. शार्डोने पांढरी, तिच्यातून लिंबाचा तजेला आणि दीर्घायुष्य येते. पिनो न्वार काळी. ती अंग आणि खोली देते. मनिए हीसुद्धा काळी. ती लवकर खुलते आणि फळांचा गोडवा आणते. काळ्या द्राक्षांची वाइन पांढरी राहते, कारण रंग सालीत असतो आणि रस हलक्या दाबाने झटपट काढला जातो. तोडणी हातानेच करावी लागते, तसा नियम आहे. ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घ्यायचा आणि त्यातला पहिला २,०५० लिटर सर्वांत चांगला मानायचा, हेही ठरलेले आहे. मानाच्या बाटलीत सहसा हा पहिलाच रस जातो.

द्राक्षे कोणत्या गावची हेही महत्त्वाचे. तीनशेहून जास्त गावांपैकी फक्त १७ गावांना पहिला दर्जा आहे. शार्डोनेसाठी क्रामां, आव्हिझ, ल मेनिल आणि पिनो न्वारसाठी आयी, व्हर्झने, बूझी ही नावे बागाईतदारांच्या तोंडी असतात.

आता साल बघू. १९९६ मध्ये द्राक्षांत साखरही भरपूर होती आणि आम्लताही, म्हणून जाणकार त्याला ‘दहा-दहाचे साल’ म्हणतात. संभाव्य मद्यार्क दहा टक्के आणि आम्लता लिटरमागे दहा ग्रॅम. तारुण्यात या बाटल्या इतक्या धारदार होत्या, की अनेकांनी दहा-दहा वर्षे बुचाला हात लावला नाही. २००३ मध्ये एप्रिलच्या गारठ्याने मोठे नुकसान केले आणि उरलेले पीक ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत भाजून निघाले. एरवी सप्टेंबरमध्ये होणारी तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. त्या सालाच्या वाइन अंगाने भरदार, आम्लतेत कमी. पुष्कळ घराण्यांनी ते साल जाहीरच केले नाही. डॉम पेरिन्यॉनने केले आणि त्यावर अजून वाद घातला जातो. २००८ चा उन्हाळा ढगाळ आणि थंड होता, सप्टेंबरच्या उन्हाने वर्ष सावरले. द्राक्षे सावकाश पिकली आणि आम्लता राहिली. आज ते साल या शतकातल्या उत्तम सालांत गणले जाते. डॉम पेरिन्यॉनने तर २००९ ची बाटली आधी विकायला काढली आणि २००८ ची मागे ठेवली, कारण ती अजून तयार नव्हती.

गाळाची करामत

पहिल्या आंबवणीनंतर हाती येते ती साधी, पातळ, आंबट वाइन. मद्यार्क सुमारे ११ टक्के. तिच्यात लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे यीस्ट घालून ती बाटलीत भरतात आणि झाकण लावून तळघरात आडवी निजवतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणखी सव्वा टक्का चढतो आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला वाट नसल्याने वाइनमध्येच विरतो. आत सुमारे सहा वातावरणांचा दाब तयार होतो. एका बाटलीतला वायू मोकळा सोडला तर जवळजवळ पाच लिटर भरेल.

हे काम दोनेक महिन्यांत उरकते. यीस्ट मरते आणि गाळ होऊन बाटलीच्या पोटाशी बसते. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. मेलेल्या पेशी हळूहळू फुटतात आणि त्यांच्यातली अमिनो आम्ले, प्रथिने, शर्करायुक्त घटक वाइनमध्ये उतरतात. ताज्या पावाचा, भाजलेल्या बदामाचा, बिस्किटाचा वास येतो तो यातून. तोंडात मलईसारखा भरीवपणा येतो तोही यातूनच. शिवाय गाळ आत शिरलेला ऑक्सिजन शोषतो, म्हणून त्याच्या सोबतीला असलेली बाटली बाहेरच्या बाटलीपेक्षा सावकाश म्हातारी होते.

डॉम पेरिन्यॉन साधारण आठ वर्षे गाळावर राहते. त्याच पिकाच्या काही बाटल्या पंधरा-सोळा वर्षांनी ‘पी२’ या नावाने निघतात आणि थोड्या त्याहून उशिरा. बोलिंजर या घराण्याने ही कल्पना आधी विकली होती: १९५२ च्या पिकाची बाटली त्यांनी १९६७ मध्ये, गाळ नुकताच काढून, बाजारात आणली. एकच पीक, एकच रस. फरक फक्त गाळासोबतच्या वर्षांचा.

गाळ काढण्याची रीत बघण्यासारखी असते. आधी बाटल्या तिरप्या फळीत डोके खाली करून लावतात आणि रोज थोड्या फिरवतात. काही आठवड्यांत गाळ सरकत सरकत मानेशी येतो. व्हव क्लिको या विधवा उद्योजिकेच्या तळघरात १८१६ च्या सुमारास ही युक्ती निघाली. आता बहुतेक ठिकाणी ती यंत्राने होते, पण मानाच्या बाटल्यांसाठी हात राखून ठेवलेले असतात. बोलिंजरच्या सालाच्या बाटल्यांना तर तळघरातही धातूच्या झाकणाऐवजी बूच असते. कामगार बाटली मान खाली धरतो, चिमट्याने बुचावरची पकड सोडवतो आणि बाटली झटक्यात वर उचलतो. हवेचा बुडबुडा मानेशी पोचायच्या आत बूच सुटते, गाळ फेसाबरोबर उडतो आणि त्याचा अंगठा तोंडावर बसतो. मग तो बाटली नाकाशी नेतो. बुचाचा कुबट वास आला, की ती बाटली तिथेच बाद. यंत्राच्या पद्धतीत मानेपुरता भाग अतिथंड द्रावणात बुडवतात. गाळ बर्फाच्या गोळीत अडकतो आणि झाकण काढताच दाबाने बाहेर फेकला जातो.

रिकामी झालेली जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणाने भरतात. ‘ब्रुट’ लिहिलेल्या बाटलीत लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ब्रुट’मध्ये ६ पर्यंत. दीडशे वर्षांपूर्वी असे नव्हते. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात एकोणिसाव्या शतकातल्या १६८ बाटल्या सापडल्या. त्यातल्या शॅम्पेनमध्ये लिटरमागे १४० ग्रॅमहून जास्त साखर निघाली. तेव्हा साखर बरेच दोष झाकत असे. आज ती जवळजवळ काढून घेतल्यामुळे सालाचे गुणदोष उघडे पडतात.

नारायणगाव आणि दिंडोरी

हीच रीत आपल्याकडे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती जुन्नर तालुक्यात. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला वाइनरी उभारली आणि पिपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेतले. बाटलीत दुसरी आंबवणी केलेली ‘ओमर खय्याम’ तिथून इंग्लंडसारख्या देशांत गेली. देशात ती ‘मार्की द पोंपादूर’ नावाने विकली जाई. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावातली बाटली लंडनच्या दुकानात दिसणे ही त्या काळी बातमी होती. कंपनी पुढे कर्जात बुडून बंद पडली, तरी सह्याद्रीच्या उंचीवर हे जमते, एवढे तिने दाखवून दिले.

त्यानंतर केंद्र सरकले नाशिककडे. तिथल्या सुला या वाइनरीची पहिली वाइन २००० मध्ये आली. पुढे सुलाने बाटलीत आंबवलेली ‘ब्रुट’ही काढली. २०१३ मध्ये मोएट हेनेसीने ‘शँडॉन’ आणली. तिची वाइनरी दिंडोरीला आहे आणि शेनिन ब्लाँ, शार्डोने, पिनो न्वार ही द्राक्षे तिच्यात असतात. डॉम पेरिन्यॉन ज्या उद्योगसमूहाची, त्याचीच ही वाइनरी, पण बाटलीवर शॅम्पेन हा शब्द नाही. ते नाव त्या प्रदेशापुरते राखीव आहे.

पद्धत तीच, मग फरक कुठे? वेलीच्या वर्षात. शॅम्पेनमधली वेल हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदाच, थंडी ओसरल्यावर जागी होते. नाशिक २० अंश अक्षांशावर असल्याने वेलीला झोप अशी मिळतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि जानेवारीपासून तोडणी. म्हणजे घड भरतो तो हिवाळ्यात. दिवसा ऊन लख्ख असते. रात्री निफाडचा पारा कुठे गेला याच्या बातम्या येतात. साखर भरायची इथे कधीच चिंता नसते. अडचण आम्लतेची. दिवस तापू लागले, की मण्यातले मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते. म्हणून फसफसणाऱ्या वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांच्या कितीतरी आधी, साखर १८ ब्रिक्सच्या आसपास असताना, शक्य तर उजाडायच्या वेळी तोडतात.

नाशिकच्या बागाईतदारालाही साल कळते, पण वेगळ्या कारणाने. इथले साल बिघडते ते अवकाळीने, गारपिटीने, भुरीने आणि डावणीने. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड-दिंडोरी भागात गारा पडल्या तेव्हा घडांच्या घड जमिनीवर आले. हे संकट पीक नेते किंवा ठेवते. शॅम्पेनमधले हवामान पीक ठेवूनही त्याचा स्वभाव बदलते. २००३ ची आणि २००८ ची बाटली एकाच घराण्याची, एकाच बागांची असूनही दोन वेगळ्या माणसांसारखी वागते. नाशिकच्या फसफसत्या वाइनमध्ये सालागणिक इतके अंतर पडत नाही. ती लवकर, ताजी, पेरू-हिरव्या सफरचंदाच्या वासात प्यायची असते आणि त्यात कमीपणा काही नाही.

चाखताना

सालाची बाटली उघडायला घाई करू नये. ती रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवावी किंवा बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घातलेल्या बादलीत अर्धा-पाऊण तास. फ्रीझरमध्ये नको. बुचावरची चंदेरी वेष्टणपट्टी काढून तारेचा पिंजरा सैल करावा. सहा अर्धे फेरे झाले, की तो सुटतो. मग एका हाताने बूच घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवावी, बूच नव्हे. हलका निःश्वास ऐकू यायला हवा. धडाका झाला, तर वायू आणि वास दोन्ही वाया गेले.

पेला उंच-अरुंद नको आणि पसरट वाटीसारखाही नको. पोटात रुंद आणि तोंडाशी थोडा मिटलेला, पांढऱ्या वाइनचा पेला उत्तम. साधी शॅम्पेन ८ अंशांना बरी लागते. मुरलेल्या सालाच्या बाटलीला १० ते १२ अंश हवेत, नाहीतर थंडीखाली तिचे अर्धे वास झाकले जातात.

बुडबुडे पाहावेत, पण त्यांच्यावर निकाल देऊ नये. रँस विद्यापीठातल्या जेरार लिजे-बेलेर या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की बुडबुडे जन्मतात ते पेल्याला चिकटलेल्या कापडाच्या किंवा धुळीच्या तंतूंवर. अगदी निर्मळ पेल्यात ते जवळजवळ दिसणारच नाहीत. बारीक बुडबुडे म्हणजे उंची शॅम्पेन, हा समजही अर्धाच खरा. बुचातून वर्षानुवर्षे थोडा वायू निसटतो, त्यामुळे जुन्या बाटलीत दाब कमी असतो आणि बुडबुडे लहान. ते वयाचे लक्षण आहे.

मग वास. पहिल्या पाच मिनिटांत फारसे काही कळत नाही. थोडे थांबून पेला फिरवावा. दहा-बारा वर्षांच्या चांगल्या बाटलीत आधी लिंबाची साल आणि हिरवे सफरचंद येते, त्यामागून भाजलेला पाव, तव्यावर हलके परतलेले बदाम, कधी कॉफीची झाक. वीस वर्षांनंतर मध, अळंबी, सुकी अंजिरे. जिभेवर दोन गोष्टी तपासाव्यात: आम्लता कुठवर पोचते आणि गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते. २००८ सारख्या सालात आम्लता सरळ रेषेत जाते आणि खडूची कोरडी, जरा खारट चव मागे राहते. २००३ मध्ये तीच वाइन रुंद, पिकलेल्या पिवळ्या फळांची आणि लवकर मऊ पडणारी. अर्धा पेला तासभर तसाच ठेवून पुन्हा चाखावा. उत्तम सालाची वाइन फेस गेल्यावरही उत्तम पांढरी वाइन असते. साधी उघडी पडते.

सुरतेच्या माणसाला हे समजावून सांगायला हिरा कामी येतो. पैलू पाडून झाले, की हिऱ्याचा दर्जा कागदावर ठरतो आणि पन्नास वर्षांनीही तोच राहतो. शॅम्पेनच्या सालाला कुणी कितीही गुण दिले तरी ते त्या दिवसापुरते असतात. बाटली पुढे चढते, मग उतरते. म्हणून बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवर गाळ काढल्याची तारीख छापली असेल तर ती आधी वाचावी. पीक २००८ चे असले तरी गाळ कधी काढला त्यावरून बाटली आज कुठल्या वयात आहे हे कळते.

सोबत खायला मीठ आणि तेल असलेले काही. साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, तळलेला बोंबील, सुरतेचा गरम लोचो. आम्लता तेलकटपणा धुऊन काढते. घारी किंवा बासुंदीबरोबर मात्र ब्रुट उघडू नये. तोंडात गोड असताना ती पातळ आणि आंबट लागते आणि दोष बाटलीवर येतो.

साठवणीचे दोन शत्रू: उष्णता आणि प्रकाश. मे महिन्यातल्या कपाटात बाटली एक उन्हाळा काढते आणि तेवढ्यात तिची वर्षे झिजतात. पारदर्शक बाटलीत प्रकाशामुळे गंधकाची संयुगे तयार होतात आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. क्रिस्टलच्या बाटलीभोवती सोनेरी कागद असतो तो शोभेचा नाही. पिण्याच्या वेळेपर्यंत काढू नये. दुकानात दिव्याखाली मांडून ठेवलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

सुरुवात थेट मानाच्या बाटलीपासून करू नये. आधी नाशिकची बाटलीत आंबवलेली ब्रुट प्यावी, म्हणजे पद्धत जिभेला कळते. मग चांगल्या घराण्याची साल नसलेली शॅम्पेन, म्हणजे आम्लता आणि खडू कळतो. त्यानंतर चौघांनी पैसे काढून सालाची एक बाटली घ्यावी आणि शेजारी साल नसलेली ठेवून दोन्ही चाखाव्यात. फरक जाणवला तर पुढे खर्च करण्यात अर्थ आहे. न जाणवला, तर नाशिकची बाटली उत्तम आहे आणि पैसे वाचले. सुरतेहून सापुतारा, वणीमार्गे दिंडोरी अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. एका दिवसात जाऊन वाइनरी पाहून परतता येते. परतीच्या गाडीत बाटली मात्र ठेवू नका. परवान्याशिवाय ती सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा आहे.